खांबाला बांधलेला ट्रक

गोमाजीने पहिल्याच संध्याकाळी आमचा ट्रक दोराने खांबाला बांधून ठेवला होता, हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, म्हातारा रंगवून सांगतोय. मला रंगवून सांगायची खोड आहे, नाही असं नाही. पण हे अगदी असंच घडलं, आणि ज्याला खोटं वाटत असेल त्याने आमच्या यार्डाबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या रंभाला विचारावं. ती अजून त्या गोष्टीवरून माझ्याशी भांडते.

मी जगन. राहायला विठ्ठलवाडीला. आयुष्यभर दहाचाकी चालवली, आणि गुडघ्यांनी क्लच दाबायला साफ नकार दिला तेव्हा देवेशशेठने मला घरी न पाठवता यार्डात ठेवून घेतलं. माजिवड्याहून बाळकुमवरून कशेळीच्या पुलाकडे निघालात की वाटेत पत्र्याचं कुंपण लागतं, तेच आमचं यार्ड. तिथे मी नव्या ड्रायव्हरांना तयार करतो. सगळे मला उस्ताद म्हणतात. परवाना खिशात असणं आणि गाडी चालवता येणं यात माजिवडा ते कल्याण एवढं अंतर आहे, आणि ते माझ्या शेजारी बसून, माझ्या शिव्या खात कापावं लागतं.

नवीन माणूस चुका करणारच. आमच्या विठ्ठलवाडीचाच सम्यक घ्या. हुशार पोरगा, पण मोबाइलवर आईबापापेक्षा जास्त विश्वास. एकदा मी शेजारी नसताना त्याने मोबाइलने दाखवलेल्या जवळच्या रस्त्याने ट्रक कल्याणच्या जुन्या बाजारात घातला. पुढे भाजीच्या गाड्या, मागे रिक्षा, आणि मध्ये हा साहेब. बाहेर काढायला मला रिक्षाने जावं लागलं, आणि तोवर बायका त्याच्या बॉनेटवर कोथिंबिरीच्या जुड्या मांडून मोकळ्या झाल्या होत्या. हँडब्रेक न सोडता गाडी पळवणं, डिझेलची टाकी उघडी ठेवून निघणं, वजनकाट्यावर उलटं चढणं, सगळं मी पाहिलंय. त्यामुळे कुणी आलं की मी मनात म्हणतो, चल बाबा, तू कोणती नवीन चूक आणलीस ती दाखव.

गोमाजीने खरंच नवीन आणली.

तो आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला. काळा कुळकुळीत, रुंद खांद्यांचा, पायात रबरी चपला. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. बोलणंही तिथलंच, गाडीला गारी आणि होडीला होरी. बाकीची पोरं विशीतली, त्यामुळे ती याला काका म्हणायची आणि मी त्याला काय म्हणावं हा प्रश्न पडायचा. शेवटी नुसतं गोमाजी म्हणायला लागलो.

"या वयात ट्रक कशाला रे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"खारीत जाल्यात मासली कमी आनि प्लास्टिकच जास्त गावतं, उस्ताद," तो म्हणाला. "होरी इकली. आता आमच्या मागं टावर झालाय, तिथं वाचमनची जागा हाय. भागी म्हनते, धरा ती. पन त्या गेटावर खुर्ची टाकून, खारीकडं पाठ करून, दुसऱ्यांच्या गाऱ्या आत-बाहेर बघत बसायचं? मना नाय जमनार. मना कायतरी चालवायला पायजे."

भागी म्हणजे त्याची बायको भागीरथी. बाजारात मासळी विकायची. तिने याला तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात ट्रक मिळाला तर ठीक, नाहीतर टॉवरची खुर्ची. एवढं सगळं त्याने मला हसत सांगितलं, पण खुर्ची हा शब्द उच्चारताना त्याचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. मला तो माणूस तिथेच आवडला. मीही गुडघे गेल्यावर असल्याच एका खुर्चीतून थोडक्यात वाचलेला.

त्या दिवशी संध्याकाळी ट्रक कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावून सगळे घरी गेले. सकाळी सम्यकने चावी घेतली, ट्रक सुरू केला आणि गेटकडे निघाला. मागे एक दोर ताणला गेला. दोराचं दुसरं टोक रस्त्याकडेच्या बंद पडलेल्या दिव्याच्या खांबाला होतं, आणि त्याच खांबाला रंभाने आपल्या टपरीची ताडपत्री अडकवली होती. खांब आधीच वाकलेला, तो आणखी वाकला, दोर सरकत वर गेला आणि ताडपत्री घेऊन निसटला. मग ट्रक पुढे, ताडपत्री त्याच्या मागे, आणि ताडपत्रीच्या मागे हातात चहाचं ओगराळं घेऊन रंभा, अशी मिरवणूक थेट गेटापर्यंत गेली.

"कुणी बांधला हा दोर?" मी ओरडलो.

गोमाजीने हात वर केला. लपवाछपवी त्याला यायचीच नाही.

"मोकली सोरून जायाला मन झालं नाय, उस्ताद. राती वढ लागली तर?"

"कसली ओढ? रस्त्याला भरती येते का?"

"नाय येत," त्याने मान्य केलं. "पन सवय."

लहानपणापासून ज्याने किनाऱ्याला लागल्यावर आधी दोर बांधला आणि मग घरी गेला, त्याला हँडब्रेक नावाच्या दांडीवर भरवसा वाटत नव्हता. पोरं पोट धरून हसत होती. मी मात्र दोराची गाठ सोडवायला गेलो आणि ती बघतच राहिलो. एवढी ओढाताण होऊनही जागची हललेली नव्हती, आणि गोमाजीने नुसतं एक टोक खेचलं तर झटकन सुटली. मी दोर जप्त केला आणि माझ्या केबिनमधल्या खिळ्याला टांगला. "यार्डात पुन्हा दोर दिसला तर तुलाच बांधीन," असा दमही भरला.

पुढे गाडी चालवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सुरुवातीला एक खोड होती. सिग्नल लांब दिसला की हा गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि तरंगत तरंगत जायचा. का, तर होडीला ब्रेक नसतो, किनाऱ्याचा धक्का जवळ आला की इंजिन आधीच बंद करून अंदाजाने लावावी लागते. भरलेला ट्रक असा तरंगायला लागला की शेजारी बसलेला देवाचा धावा सुरू करतो. मी त्याच्या मांडीवर पट्टी मारून मारून ती खोड घालवली. पण त्याचा संयम मी कुठल्याही पोरात पाहिला नाही. दुर्गाडीच्या पुलावर गाड्या अडकल्या की सगळे हॉर्नवर हात ठेवून बसतात. हा खाली पाण्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "अजून भरतंय पानी. सुटंल हितलं पन." कुणाला कट मारणं नाही, शिव्या नाहीत, रिक्षावाला आडवा आला तर उलट हात करून त्याला वाट द्यायचा. कल्याणच्या बाजार समितीपर्यंत त्याच्या शेजारी बसून जाताना मला एकदा चक्क डुलकी लागली. उस्तादाला डुलकी लागणं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला देता येत नाही.

घोडं अडलं ते रिव्हर्समध्ये.

ट्रक मागे घ्यायची वेळ आली की या शहाण्या माणसाला काय व्हायचं कळत नाही. मी म्हणायचो, मागचं टोक डावीकडे घे. तो आरशात बघायचा, मान डोलवायचा आणि स्टिअरिंग नेमकं उजवीकडे फिरवायचा. गाडी उजवीकडे जायची. मी ओरडायचो, तो घाबरून आणखी उजवीकडे फिरवायचा. दर वेळी उलटं. चुकणारी पोरं कधी डावीकडे चुकतात, कधी उजवीकडे. हा मात्र न चुकता चुकायचा.

काय काय उपाय केले म्हणून सांगू! स्टिअरिंगला एका बाजूने लाल रिबीन बांधली. सम्यकने आपल्या पुतण्याचा खेळण्यातला ट्रक आणून त्याला टेबलावर शिकवलं, तिथे बरोबर जमलं. मी त्याला सांगितलं, तुला जे वाटेल त्याच्या उलट कर. मग तो विचार करायला लागला, की मला आता जे वाटतंय ते आधीचं वाटणं की उलट केलेलं वाटणं, आणि तोवर गाडी कुंपणाला टेकली. यार्डाच्या मागच्या पत्र्यावर त्याच्या हातचे एवढे पोचे आहेत की दिपेश नावाचा आमचा वेल्डर त्याला सणासुदीला मिठाई देतो म्हणे.

"अरे, तुला समजतंय तरी काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"समजतं सगलं, उस्ताद," तो रडवेला होऊन म्हणाला. "हातच ऐकत नाय."

आणि ट्रक धक्क्याला उलटा लावता आला नाही तर माल उतरणार कसा? पुढे चालवणं अर्धंच काम. म्हणून देवेशशेठने ठरवलं की स्वतः परीक्षा घ्यायची. शेठ मनाने वाईट नाही. पण त्याला एक सवय आहे, तो परीक्षा घेताना माल उतरवायच्या धक्क्यावर टेबल मांडून चहा घेत बसतो, म्हणजे समोरच्याला हुरूप येतो असं त्याला वाटतं.

गोमाजीने सुरुवात झकास केली. ओठ हलत होते, म्हणजे उलट, उलट असा जप चालला असावा. ट्रक सरळ मागे येत होता. हातभर अंतर राहिलं आणि शेठला राहवलं नाही. "जरा डावीकडे!" तो ओरडला. झालं. गोमाजीचा जप तुटला, हात उजवीकडे गेला, ट्रकचा कोपरा धक्क्यावर चढला आणि टेबल, किटली, बिस्किटांची बशी सगळं खाली. शेठ वेळेवर उडी मारून वाचला. पांढऱ्या शर्टावर चहा घेऊन तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "जगनभाऊ, माणूस देवासारखा आहे. पण मी याला ट्रक देऊ शकत नाही. परवा नारळी पुनव आहे, सण होऊ दे त्याचा. मग तुम्हीच सांगा. माझ्याच्याने तोंडावर सांगवणार नाही."

म्हणजे गोड बोलायला शेठ आणि कडू सांगायला जगन. मी शेठशी वाद घातला. पण बोलता बोलता मलाच माझं पटत नव्हतं, कारण बिस्किटं अजून चाकाखाली पडली होती. गोमाजी तिकडे किटलीचा पोचा अंगठ्याने काढत बसला होता. मला बघून म्हणाला, "फुडच्या येली जमंल, उस्ताद. आनि पुनवेला वहिनींना घेऊन जेवायला या. सम्यकला पन आना. नाय म्हनू नका." मी नाही म्हणू शकलो नाही, आणि खरं तेही सांगू शकलो नाही.

तर पुनवेच्या दिवशी आम्ही कोळीवाड्यात. मी, माझी बायको शांताबाई आणि सम्यक. सगळीकडे पताका, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, केसांत एवढी फुलं की मान कशी उचलतात देव जाणे. गोमाजीच्या घराच्या मागे खरंच तो टॉवर, आणि गेटावर ती खुर्ची. रिकामी. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

भागीरथीने नारळीभात वाढला, करंज्या वाढल्या. बाई आवाजाने खणखणीत, मनाने मोकळी. शांताबाईला हाताला धरून आत नेऊन तिने तिच्या केसांत गजरा माळला. मग माझ्यासमोर बसली.

"दादा, तुमचे उपकार हायत," ती म्हणाली. "ह्यो मानूस होरी इकल्यापासून झोपंत सुकानूचा दांडा हलवायचा. आता हसतो तरी. मी टावरवाल्यांना कलवलंय, आमाला नको तुमची जागा. गारी कवा देतायत मंग?"

माझ्या तोंडात करंजी होती. ती तिथेच थांबली. गोमाजी माझ्याकडे बघत होता, शांताबाई माझ्याकडे बघत होती, सम्यकने जमिनीकडे बघायला सुरुवात केली. "देतील, देतील," असं काहीतरी मी पुटपुटलो. भागीरथीने आणखी करंज्या पुढे केल्या. करंजी म्हणजे माझा जीव की प्राण. पण मी ताटावर हात आडवा धरला. मनात ठरवलं, जेवण झालं की याला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. अन्नाला जागायचं तर खोटं बोलून तरी नको.

हात धुतला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात बाहेर गलका झाला.

कोळीवाड्यात पद्धत अशी, की सोनेरी कागदाने मढवलेला नारळ गावकीच्या होडीतून खाडीत नेऊन सोडायचा. ती होडी दुरुस्तीला वरच्या अंगाला एका शेडमध्ये होती आणि आता ट्रॅक्टरमागच्या दोनचाकी गाड्यावर चढवून आणली होती. घरांच्या मधून एक अरुंद गल्ली धक्क्याच्या उताराकडे जाते. ट्रॅक्टर वळवायला खाली जागा नाही, म्हणून वरूनच उलटं, गाडा मागे ढकलत उतरायचं. भरती आता पूर्ण भरलेली. पाणी उतरायला लागलं की उताराच्या पायथ्याशी नुसता चिखल उरतो, मग होडी पाण्याला लागणार नाही आणि नारळ सोडायचा मुहूर्तही हुकणार. बँडवाले थांबले होते, पुढारी घाम पुसत होते. ट्रॅक्टरवाला बाहेरून भाड्याने आणलेला. त्याने दोनचार वेळा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी गाडा कमरेत दुमडल्यासारखा आडवा झाला. शेवटी तो खाली उतरला आणि म्हणाला, "मला शेत नांगरायला सांगा."

"आवो, आपले उस्ताद हायत ना!" गोमाजी गर्दीत ओरडला. त्याच्या आवाजात माझा केवढा अभिमान! "सगल्या ठान्याचे डायवर त्यांनी घडवल्यात! बसा उस्ताद!"

सगळ्या कोळीवाड्याने मला वाट करून दिली. आता खरं सांगायचं तर मी जन्मभर एकसंध गाडी चालवली. मागे जोडलेल्या गाड्याला, ट्रेलरला, मी लांबूनच नमस्कार घातलेला. आमच्या यार्डात एक मोठा ट्रेलर आहे. त्याचा ड्रायव्हर गावी गेला तो परतलाच नाही, आणि तेव्हापासून तो उभाच आहे, मीही कधी हात लावला नाही. पण समोर एवढे लोक, बायको गजरा घालून बघतेय. बसलो.

मी डावीकडे वळवलं, होडी उजवीकडे गेली. मी उजवीकडे वळवलं, ती डावीकडे अशी गेली की गल्लीतल्या सुमतीमावशीच्या पडवीत तिचं टोक शिरलं. मावशी आतून म्हणाली, "उस्ताद, आता आलाव तं चा घ्या." लोक हसले. सम्यक मोबाइलवर चित्रण करत होता. त्याला मी नंतर बघून घेतलं. मी पुढे घेतलं, पुन्हा मागे, पुन्हा आडवं. कानशिलं तापली. आणि पाणी उतारावरून उतरायला लागलेलं दिसत होतं.

"उस्ताद, मी बघू?" गोमाजी चाकाशी उभा होता.

मी मनात म्हटलं, घ्या, आता पडवीच काय, घरच जाणार. पण खाली उतरलो. त्याशिवाय मी करणार काय होतो?

तो चढला आणि सीटवर चक्क तिरका बसला, तोंड मागे होडीकडे, एक हात स्टिअरिंगवर. ट्रॅक्टर हळू मागे निघाला. होडीचं टोक डावीकडे झुकायला लागलं, आणि त्याने कसलाही विचार न करता हात डावीकडे ढकलला. टोक उजवीकडे आलं, सरळ झालं. मग हात सैल सोडून तो थांबला, होडी ऐकते का ते बघितलं. परत थोडं ढकललं, परत थांबला. ओठ हलत नव्हते. कपाळावर आठी नव्हती. दोन्ही बाजूंच्या पडव्यांमधून ती होडी अशी खाली गेली, जणू गल्लीत पाणीच भरलंय. गाड्याची चाकं पाण्यात शिरली, होडी अलगद उचलली गेली, आणि अख्ख्या कोळीवाड्याने एकच आरोळी ठोकली. बँड सुरू झाला. भागीरथी सगळ्यात आधी नाचायला लागली आणि तिने शांताबाईलाही ओढलं.

मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेलो आणि त्याचा दंड पकडला. "हे काय केलंस? कसं केलंस?"

"त्यात काय, उस्ताद?" त्याला खरंच नवल वाटलं. "होरीत मागं बसायचं. दांडा डावीकडं ढकलला का फुडचं टोक उजवीकडं जातं. हितं पन तसंच हाय. हात बराबर ऐकला आज."

मी डोक्यावर हात मारला. तीन महिने मी या माणसाला मूर्खात काढत होतो. आरशात ट्रकचं लांबलचक धूड दिसलं की त्याच्या हाताला वाटायचं आपण होडीच्या मागच्या टोकाला बसलोय, आणि तो दांडा ढकलायचा तसं स्टिअरिंग ढकलायचा. एकसंध ट्रक त्या हाताला उलटा पडायचा. पण मागे जोडलेला गाडा मागे घेताना होडीसारखाच वागतो, हात डावीकडे तर शेपूट उजवीकडे. जे शिकायला बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात, ते हा बाप लहानपणीच शिकून बसला होता. त्याला मी उगाच विसरायला लावत होतो.

"गोमाजी," मी म्हटलं, "उद्या सकाळी यार्डात ये. ट्रेलरवर बसायचंय तुला."

तो हळूच म्हणाला, "म्हंजे ट्रक नव्हताच भेटनार ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमी दुसरी करंजी घेतली नाय तवाच कललं."

हा माणूस सगळं कळूनही, सणाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर माझं नाव मोठ्याने घेऊन मला त्या सीटवर बसवत होता. मी घरात जाऊन करंज्यांचा डबा मागून घेतला आणि त्याच्या समोर बसून खाल्ल्या. किती, ते शांताबाईला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरचं नाव ऐकताच शेठने कपाळावर हात मारला आणि चहाचं टेबल स्वतःच्या हाताने उचलून थेट गेटापर्यंत नेलं. रंभाही टपरीची ताडपत्री गुंडाळून उभी राहिली. सम्यकने रिकामे डबे मांडून वाट आखून दिली. मी शेठच्या शेजारी उभा राहिलो, आणि एक शब्द तोंडातून काढलात तर बघा, असं त्याला बजावलं. माझ्याच शेठला. गोमाजी वर चढला, आरशात बघितलं, आणि तो अजस्र ट्रेलर थोडा ढकलत, थोडा थांबत, थोडा ढकलत मागे आला. एक डबा हलला नाही. शेवटी धक्क्याला लागला तो इतका हळू, की लागला हे आवाजावरून नाही, थांबल्यावरून कळलं.

शेठने वाकून धक्क्याला टेकलेली कड तपासली. "जगनभाऊ," तो म्हणाला, "त्या दिवशी माझ्या अंगावर चहा सांडणारा हाच ना?"

"हाच. पुढचा चहा तुम्ही पाजायचा."

मग परवान्यात ट्रेलरची भर घालायची, ते सोपस्कार आम्ही रीतसर पार पाडले, आणि गोमाजी पहिल्या खेपेला निघाला. कल्याणला माल घेऊन जायचं, मुक्काम तिथेच. यार्डात सगळे जमले होते. भागीरथी बाजार सोडून आली होती. तिने समोरच्या काचेला हार घातला, चाकापुढे नारळ फोडला आणि गोमाजीला सगळ्यांदेखत दम भरला, "नीट जा, आनि जेव येलेवर." मग मान वळवून पदराने डोळे पुसले. टॉवरच्या खुर्चीत आता दुसरा कुणी बसतो म्हणाली. बसो बापडा.

गोमाजीने माझ्याकडे चावीसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "थांब," आणि केबिनमध्ये गेलो. खिळ्यावरचा दोर काढला. धूळ झटकली. बाहेर येऊन चावी आणि दोर, दोन्ही त्याच्या हातात ठेवले.

त्याने दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"संध्याकाळी लावलास की खुशाल बांध," मी म्हटलं. "फक्त सकाळी निघताना सोड, आणि खांबाला कुणाची ताडपत्री आहे का तेवढं बघ."

तो वाकला. मी त्याला पायांपर्यंत पोचू दिलं नाही, मधेच खांद्याला धरून उभा केला आणि वर चढवला.

संध्याकाळी कल्याणहून त्याचा फोन आला. माल पोचला, गाडी लावली, जेवला. मी विचारलं, "बांधलीस?"

"बांधली, उस्ताद," तो म्हणाला.

मग मीही निवांत झोपलो.